खोट्या शिक्षकाची पारख : नव्या करारातील इशारे आणि वर्ध्यातील दोन ख्रिस्ती वाचक

प्रस्तावना

डोंगरावरील प्रवचन महाराष्ट्रात वाचले जाते ते बहुधा गांधीजींच्या निमित्ताने, आणि ते वाचन बहुधा दुसरा गाल पुढे करण्यापाशी येऊन थांबते. त्याच प्रवचनाच्या अखेरीस, मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात, वेगळाच सूर लागतो. मेंढरांचा वेष घेऊन येणारे, पण आतून क्रूर लांडगे असणारे खोटे संदेष्टे तुमच्याकडे येतील, त्यांच्यापासून जपा, असे तेथे सांगितले आहे (मत्तय ७:१५). हा इशारा एकटादुकटा नाही. पौलाची पत्रे, योहानाची पत्रे, पेत्राचे दुसरे पत्र, यहूदाचे छोटेसे पत्र, प्रकटीकरणातील मंडळ्यांना लिहिलेली पत्रे अशा सर्व ठिकाणी तो पुन्हापुन्हा येतो. प्रेमाचा धर्म म्हणून ज्याची ओळख करून दिली जाते त्या धर्माच्या मूळ ग्रंथात आपल्याच माणसांविषयीचा एवढा संशय कशासाठी, हा प्रश्न समीक्षकाला पडावा असाच आहे.

प्रस्तुत लेखात या इशाऱ्यांचे वाचन दोन अंगांनी करण्याचा प्रयत्न आहे. खोटा शिक्षक ओळखायचा कसा, हे पहिले अंग. आणि तो खोटा आहे हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हे दुसरे. या दोन्ही प्रश्नांची चर्चा सेवाग्राम-वर्धा परिसरात काम केलेल्या दोन ख्रिस्ती विचारवंतांच्या आधारे केली आहे. जे. सी. कुमारप्पा यांनी चर्चच्या अधिकाऱ्यांपुढे येशूचे वचन आरशासारखे धरले. एस. के. जॉर्ज यांच्यावर मात्र स्वकीयांनीच परके ठरण्याची वेळ आली. दोघेही गांधीजींचे सहकारी, दोघेही अखेरपर्यंत स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे. वर्ध्याचा इतिहास लिहिताना या दोघांचा उल्लेख ग्रामोद्योग आणि गांधीविचार या सदरांखाली होतो. बायबलचे वाचक म्हणून त्यांच्याकडे पाहिले जात नाही. ती उणीव थोडीफार भरून काढणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

इशाऱ्यांचे दोन सूर

नवा करार या मंडळींना निरनिराळ्या नावांनी संबोधतो. मत्तयात ते खोटे संदेष्टे आहेत, करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात खोटे प्रेषित, योहानाच्या पत्रात ख्रिस्तविरोधी. ‘खोटे शिक्षक’ हा नेमका शब्द मूळ ग्रीक नव्या करारात एकदाच, पेत्राच्या दुसऱ्या पत्रात (२:१) येतो. संदेष्टा दैवी संचाराचा दावा करतो, प्रेषित पाठवणुकीचा. शिक्षकाजवळ असा कोणताच दावा नसतो, त्याच्याजवळ केवळ श्रोत्यांचा विश्वास असतो. म्हणूनच त्याचे खोटेपण ओळखणे सर्वांत अवघड. याच पत्राविषयी एक गंमत नोंदवायला हवी. हे पत्र प्रत्यक्ष पेत्राच्या हातचे नसावे, ते नंतरच्या काळात त्याच्या नावाने लिहिले गेले असावे, असे बहुसंख्य आधुनिक अभ्यासकांचे मत आहे. चौथ्या शतकातील इतिहासकार युसेबियसनेही त्याची गणना विवाद्य ग्रंथांत केली होती. खोट्या शिक्षकांविरुद्धचा सर्वांत तिखट मजकूर दुसऱ्याच्या नावाने लिहिलेला असावा, ही गोष्ट श्रद्धाळू वाचकाला रुचणार नाही, परंतु समीक्षकाला ती दुर्लक्षिता येत नाही.

या सर्व इशाऱ्यांत पारखण्याच्या दोन कसोट्या गुंफलेल्या दिसतात. पहिली कसोटी शिकवणीची. गलतीकरांस पत्रात पौल म्हणतो की आम्ही दिलेल्या शुभवर्तमानाहून निराळे शुभवर्तमान स्वर्गातील दूताने जरी आणून दिले तरी तो शापित मानावा (१:८). योहानाच्या पहिल्या पत्रात तर मोजमाप अगदी नेमके आहे. येशू ख्रिस्त देहाने आला हे जो कबूल करतो तो आत्मा देवापासून, जो करीत नाही तो देवापासून नव्हे (४:२-३). दुसऱ्या पत्रात तेवढ्यावर न थांबता अशा माणसाला घरात घेऊ नका, त्याला सलामही करू नका, असे बजावले आहे.

दुसरी कसोटी आचरणाची. काटेरी झाडावर द्राक्षे लागत नाहीत आणि रानटी झुडपावर अंजिरे येत नाहीत. फळावरून झाड ओळखा, असे मत्तयाचे म्हणणे. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात खोटे शिक्षक लोभापायी बनावट शब्दांनी अनुयायांचा व्यापार करतात (२:३). तीताला लिहिलेल्या पत्रात ते अनुचित लाभासाठी शिकवतात, तीमथ्याच्या पहिल्या पत्रात ते भक्तीला कमाईचे साधन समजतात. पौलाने करिंथकरांस लिहिताना देवाच्या वचनाचा धंदा करणाऱ्यांविषयी जे क्रियापद वापरले आहे (२ करिंथ २:१७) ते ग्रीकमध्ये किरकोळ विक्रेत्याच्या व्यवहाराचे आहे. असा विक्रेता मालात भेसळ करतो, ही त्या काळची सर्वसाधारण समजूत त्या शब्दात दडलेली आहे. ही परंपरा जुन्या करारापासूनची. मीखा पैशासाठी भविष्य सांगणाऱ्यांना फटकारतो, तर यहेज्केल चौतिसाव्या अध्यायात कळपाऐवजी स्वतःलाच चारणाऱ्या मेंढपाळांवर उखडतो. यहूदाच्या पत्रात या मंडळींना पाण्यावाचूनचे ढग म्हटले आहे. वर्धा जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकऱ्याला या प्रतिमेचे भाष्य करून सांगण्याची गरज पडणार नाही.

दोन कसोट्यांचा परस्परसंबंध काय, हे नवा करार कोठेही स्पष्ट करीत नाही. शिकवण शुद्ध आणि आचरण मलिन असे असेल तर? येशूने शास्त्री-परूश्यांच्या बाबतीत याचे एक उत्तर दिले आहे. ते मोशेच्या आसनावर बसले आहेत, म्हणून ते सांगतात ते करा, पण ते करतात तसे करू नका (मत्तय २३:२-३). येथे शिकवण ग्राह्य आणि शिक्षक त्याज्य अशी फोड केली आहे. उलट स्थितीचे, म्हणजे आचरण निर्मळ आणि शिकवण रूढ चौकटीबाहेरची, याचे उत्तर मात्र ग्रंथात इतक्या सरळपणे मिळत नाही. या लेखातील दोन्ही व्यक्ती नेमक्या याच मोकळ्या जागेत उभ्या आहेत.

एफिससच्या वडिलांचा निरोप आणि एक जुनी नियमावली

माझ्या मते या सर्व इशाऱ्यांत सर्वांत मोलाचा उतारा प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायात आहे. यरुशलेमला निघालेला पौल मिलेत येथे एफिसस मंडळीच्या वडिलांना बोलावून घेतो व निरोपाचे भाषण करतो. मी गेल्यावर क्रूर लांडगे तुमच्यात शिरतील, असे तो सांगतो, आणि लगेच पुढचे वाक्य अधिक बोचरे आहे. तुमच्यातूनही काही माणसे उठतील (२०:३०). म्हणजे लांडगा बाहेरून येतो ही अर्धीच गोष्ट. तो समोर बसलेल्या वडिलांतूनच निघण्याची शक्यता आहे. मग ओळखावे कसे? पौल येथे श्रद्धेचे एकही कलम मांडत नाही. मी कोणाच्या सोन्याचा, रुप्याचा वा वस्त्राचा लोभ धरला नाही, माझ्या व माझ्या सोबत्यांच्या गरजा याच हातांनी भागविल्या, एवढेच तो सांगतो (२०:३३-३४). हा हात तंबू शिवणाऱ्याचा आहे, हे अठराव्या अध्यायात आधीच आलेले आहे. शिक्षकाच्या खरेपणाचा पुरावा म्हणून हात पुढे करणे ही कल्पना आश्रमातल्या श्रमनिष्ठेच्या इतकी जवळची आहे की सेवाग्रामात बसून हा उतारा वाचताना तो परका वाटत नाही.

हाच धागा ‘डिडाखे’ नावाच्या प्राचीन ख्रिस्ती नियमावलीत व्यवहाराच्या पातळीवर उतरलेला दिसतो. हा छोटा ग्रंथ नव्या करारात समाविष्ट नाही. त्याचे हस्तलिखित १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे फिलोथेओस ब्रायेनिओस यांना सापडले व १८८३ मध्ये ते प्रसिद्ध झाले. फिरत्या उपदेशकांचे काय करावे, या प्रश्नाला त्यातील उत्तर गावच्या शहाण्या पाटलाला शोभावे असे आहे. उपदेशक आला तर त्याचे स्वागत करा. तो एक दिवस राहील, गरज पडल्यास दोन. तिसऱ्या दिवशी राहिला तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी घ्यावी. पैसे मागितले तर खोटा. संचारावस्थेत जेवणाचे ताट मागवून स्वतःच जेवायला बसला, तरी खोटा. ज्याला कायम राहायचे असेल त्याने आपल्या कसबावर पोट भरावे. जो राबायला तयार नाही त्याच्यासाठी ग्रंथकर्त्याने ख्रिस्ताच्या नावावर व्यापार करणारा अशा अर्थाचा एक खास ग्रीक शब्द वापरला आहे. धर्मशास्त्राच्या ज्ञानाची येथे गरज नाही. दिवस मोजता आले की पुरे. तथापि त्याच ग्रंथात खऱ्या संदेष्ट्याला पहिल्या पिकाचा वाटा द्यावा असेही सांगितले आहे, हे विसरून चालणार नाही. लेखकाचा आक्षेप शिक्षकाला पोसण्यावर नाही, शिक्षकाने पोसले जाण्यासाठी शिकवण्यावर आहे.

कुमारप्पांचे वाचन

जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस यांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावरच्या एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. लंडनमध्ये हिशेबतपासनिसाचे शिक्षण, पुढे अमेरिकेत सिरॅक्यूस व कोलंबिया विद्यापीठांत व्यवसायप्रशासन आणि सार्वजनिक वित्त या विषयांचा अभ्यास, १९२९ मध्ये साबरमतीला गांधीजींची भेट, आणि त्यानंतर कुमारप्पा हे कुलनाम, हा त्यांचा प्रवास परिचित आहे. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचा हिशेब त्यांच्याकडे होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचे चिटणीस म्हणून ते वर्ध्याला मगनवाडीत आले. गांधीजी १९३६ मध्ये शेगावला राहायला गेले. १९४० मध्ये त्या गावाचे सेवाग्राम झाले. कुमारप्पांचे कार्यक्षेत्र पुढील बरीच वर्षे हाच परिसर होता.

मिशनरी आणि बिशप यांच्याशी त्यांचा वाद मात्र वर्ध्याला येण्याआधीचा. १९३० च्या सविनय कायदेभंगाच्या काळात त्यांनी ‘यंग इंडिया’तून ख्रिस्ती कार्यकर्त्यांना आवाहन केले. सत्याग्रहींवर होणाऱ्या मारहाणीच्या प्रसंगी ख्रिस्ताच्या अनुयायांचे स्थान कोठे, हा त्या आवाहनाचा गाभा. कलकत्त्याचे बिशप आणि हिंदुस्थानातील अँग्लिकन चर्चचे मेट्रोपॉलिटन फॉस वेस्टकॉट यांना कायदेभंग ख्रिस्ताच्या शिकवणीशी विसंगत वाटत होता. रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय, म्हणजे वरिष्ठ सत्तांच्या अधीन राहण्याचा उपदेश, हा अशा भूमिकेचा नेहमीचा आधार असे. कुमारप्पांनी दिलेले उत्तर राजकीय कमी आणि शास्त्रीय अधिक होते. डोंगरावरील प्रवचन पाळणारा कोण आणि ते केवळ वाचून दाखविणारा कोण, असा प्रश्न त्यांनी थेट धर्मपीठाला केला. यातील धाडस समजून घ्यायला हवे. खोट्या शिक्षकाविषयीचा इशारा शतकानुशतके धर्मपीठाच्या हातचे शस्त्र होते. येथे एक साधा श्रद्धाळू, तोही हिशेबनीस, ते शस्त्र उलट दिशेला फिरवतो.

‘भारत छोडो’ आंदोलनातील कारावासात, जबलपूरच्या तुरुंगात, त्यांनी दोन पुस्तके लिहिली. एक ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ आणि दुसरे ‘प्रॅक्टिस अँड प्रीसेप्ट्स ऑफ जीझस’. दोन्हींना गांधीजींची प्रस्तावना आहे. दुसऱ्या पुस्तकाच्या शीर्षकातील शब्दक्रम बोलका आहे. आचरण आधी, उपदेश मागाहून. येशूचे जीवन व शिकवण एका बाजूला आणि त्याच्या नावाने उभी राहिलेली, राजसत्तेशी जुळवून घेणारी, युद्धाला आशीर्वाद देणारी संस्था दुसऱ्या बाजूला, यांतील अंतर हा या पुस्तकाचा कणा आहे. ग्रामोद्योगाचे आणि धर्मशास्त्राचे, अशा दोन ‘डॉक्टरक्या’ गांधीजींनी त्यांना विनोदाने बहाल केल्या होत्या. त्यातील दुसरीला आपण आजवर विनोदच समजत आलो आहोत.

ही दोन पुस्तके एकत्र वाचली पाहिजेत, असे मला आग्रहाने सुचवावेसे वाटते. ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’मध्ये कुमारप्पा अर्थव्यवस्थांच्या चढत्या पायऱ्या मांडतात. सर्वांत खालची परोपजीवी, तिचे उदाहरण निरुपद्रवी जनावराला मारून खाणारा वाघ. तिच्यात लाभ देणाऱ्या मूळ स्रोताचाच नाश होतो. त्यावरची लुटारू, जिथे काही न देता घेतले जाते. सर्वांत वरची सेवेची, पिलाला भरविणाऱ्या पक्षिणीची, जिथे परतफेडीची अपेक्षाच नसते. प्रत्येक पायरीची कसोटी एकच. घेतले किती आणि दिले किती? मत्तयाच्या सातव्या अध्यायातील लांडगा आणि येथील वाघ यांच्यात फार अंतर नाही. झाड फळावरून ओळखा, या वचनाचे कुमारप्पांनी जमाखर्चात रूपांतर केले, असे म्हणता येईल. ‘पारखणे’ हा आपला शब्द नाण्याच्या बाजारातला, आणि योहानाच्या पहिल्या पत्रात आत्मे पारखून घ्या असे सांगताना वापरलेले ग्रीक क्रियापदही धातूची शुद्धता तपासण्याचे. हिशेबतपासनिसाने हा इशारा इतक्या सहजपणे उचलावा, यात नवल नाही.

तथापि या वाचनाच्या मर्यादाही दाखविल्या पाहिजेत. फळे लागायला वेळ लागतो, लांडगा मात्र आजच येतो. फळांच्या कसोटीची ही मूळची अडचण आहे. दुसरी मर्यादा अधिक गंभीर. ज्या परिच्छेदावर कुमारप्पांच्या भूमिकेचा सारा भार आहे त्याच्या लगेच पुढे, बावीस-तेविसाव्या वचनांत, न्यायाच्या दिवशी काही जण पुढे येऊन आपण प्रभूच्या नावाने केलेल्या मोठमोठ्या कामांची यादी वाचतील आणि त्यांना ओळख नाकारली जाईल, असे सांगितले आहे. म्हणजे नाकारले गेलेले लोक आळशी नाहीत; ते कार्यकर्ते आहेत. कामाचा डोंगर हेही मेंढराचे कातडे होऊ शकते. ही वचने दवाखाने आणि शाळा चालविणाऱ्या मिशनला जितकी लागू तितकीच आश्रमांना, संघांना आणि आमच्या महाविद्यालयांनाही लागू पडतात. सेवाग्रामच्या संदर्भात तर वस्त्राचा प्रश्न अगदी शब्दशः उभा राहतो. ज्या खादीला एके काळी अंगावर घेतलेली प्रतिज्ञा म्हणून मान होता, तिचा स्वातंत्र्यानंतर गणवेश झाला. स्वातंत्र्योत्तर राज्यकर्त्यांच्या आर्थिक धोरणावर कुमारप्पांनी कठोर टीका केली, ती याच जाणिवेतून. त्यांनी आपली कसोटी स्वकीयांना लावायला मागेपुढे पाहिले नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवायलाच हवे. परंतु बाविसाव्या वचनाचा धाक मला त्यांच्या विचारात पुरेसा जाणवत नाही. काम आणि त्याग यांच्या मोजमापावर त्यांचा विश्वास थोडा जास्तच होता.

तिसरी गोष्ट शिकवणीच्या कसोटीची. ती त्यांनी जवळजवळ बाजूला ठेवली. धर्मपीठांनी तिचा केलेला गैरवापर पाहता हे समजण्यासारखे आहे, पण त्यात एक संधी हुकली. येशू देहाने आला हे मानणे, ही योहानाची अट वरवर पाहता कोरडे सूत्र वाटते. परंतु त्याच पत्राचा तिसरा अध्याय विचारतो की ज्याच्याजवळ संसाराची साधने आहेत आणि जो गरजू भावाला पाहूनही अंतःकरण बंद करतो, त्याच्या ठायी देवाची प्रीती राहील कशी (३:१७)? देव देहात आला, म्हणूनच देहाची भूक हा धर्माचा प्रश्न होतो. सूत्र आणि भाकरी येथे एकाच पत्रात, अवघ्या काही ओळींच्या अंतराने आहेत. भाकरीचे अर्थशास्त्र जन्मभर मांडणाऱ्या माणसाला याहून भक्कम आधार मिळाला नसता.

मराठी पार्श्वभूमी

दांभिक साधूवर आसूड ओढण्याची परंपरा मराठीला नवी नाही. तुकोबांच्या गाथेचा मोठा भाग वेषधारी संतांच्या झाडाझडतीने व्यापलेला आहे, आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे नारायण वामन टिळक सांगत, ते काही केवळ भक्तीच्या गोडव्यामुळे नव्हे. मिशनच्या चौकटीत न मावणारा भक्तसमुदाय उभा करण्याचा ‘देवाचा दरबार’ हा त्यांचा १९१७ मधील प्रयत्न त्याच पुलाचे दुसरे टोक होय. पंडिता रमाबाईंनी तर हा प्रश्न फार आधी, अगदी एकाकी स्थितीत झेलला होता. सप्टेंबर १८८३ मध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यानंतर अल्पावधीतच सिस्टर जेराल्डिन आणि इतरांशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला (तो ए. बी. शहा यांनी संपादित केला असून १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला आहे), त्यात शिक्षकाचा अधिकार हाच कळीचा मुद्दा आहे. धर्मगुरू सांगतात म्हणून मानायचे की ग्रंथ वाचून स्वतःच्या विवेकाने मानायचे? पुरोहितांच्या एका जोखडातून सुटून दुसऱ्याखाली मान द्यायला रमाबाई तयार नव्हत्या. वडीलधाऱ्या भगिनींना यात अहंकार दिसला. आज ती पत्रे वाचताना आत्मे पारखण्याची आज्ञा नेमके कोण पाळत होते, याविषयी शंका राहत नाही.

मध्य प्रांतातील आणखी एक उदाहरण ओझरते सांगतो. जमनालाल बजाज यांच्या सूचनेवरून गोंडांमध्ये काम करायला गेलेले धर्मोपदेशक व्हेरिअर एल्विन यांना नागपूरचे बिशप अलेक्स वुड यांनी परवाना देण्याचे नाकारले. एल्विन पुढे चर्चमधूनच बाहेर पडले.

एस. के. जॉर्ज : मेंढपाळ की लांडगा?

कुमारप्पांनी बोट दाखविले. जॉर्ज यांच्याकडे बोट दाखविले गेले. केरळच्या सीरियन ख्रिस्ती परंपरेतील हे गृहस्थ कलकत्त्याच्या बिशप्स कॉलेजमध्ये, म्हणजे धर्मोपदेशक घडविणाऱ्या संस्थेत, अध्यापक होते. गांधीजींचा सत्याग्रह हा क्रूसाचाच कृतिरूप आविष्कार आहे, अशी त्यांची धारणा झाली आणि त्या धारणेपायी १९३२ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली. ‘गांधीज चॅलेंज टू ख्रिश्चॅनिटी’ हे त्यांचे पुस्तक १९३९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे ते वर्ध्याच्या वाणिज्य महाविद्यालयात प्राध्यापक होते. ख्रिस्ताला ओळखण्यासाठी हिंदू माणसाने हिंदुत्व सोडण्याची गरज नाही, असे मानणारा शिक्षक रूढ कसोटीवर उतरणे शक्यच नव्हते. गलतीकरांस पत्रातील ‘निराळे शुभवर्तमान’ म्हणतात ते हेच, असे कोणी म्हटल्यास त्याला ग्रंथाचा आधार नाही असे म्हणता येणार नाही. पण मिलेतच्या कसोटीचे काय? मतासाठी सुरक्षित नोकरी सोडणाऱ्या माणसाने कोणाच्या सोन्यारुप्याचा लोभ धरला, असे त्याचे विरोधकही म्हणू शकत नव्हते.

येथपर्यंत न्याय जॉर्ज यांच्या बाजूने आहे. पुढची गोष्ट इतकी सोपी नाही. एप्रिल १९५४ मध्ये तत्कालीन मध्य प्रदेश शासनाने, म्हणजे ज्या राज्यात तेव्हा वर्धा जिल्हाही होता त्या राज्याने, ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली. नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी तिचे अध्यक्ष होते आणि जॉर्ज हे तिचे ख्रिस्ती सदस्य. १९५६ मध्ये आलेल्या अहवालात धर्मांतर हाच प्रमुख उद्देश असलेल्या परदेशी मिशनऱ्यांना परत जाण्यास सांगावे, तसेच पूर्णतः स्वेच्छेने न झालेली धर्मांतरे कायद्याने रोखावीत, अशा शिफारशी होत्या. जॉर्ज आपले प्रतिनिधी नाहीत, अशी ख्रिस्ती वर्तुळातील भावना होती. ती समजण्यासारखीच होती.

जॉर्ज यांनी समितीचे सदस्यत्व स्वीकारण्यामागे प्रामाणिक कारण असणार. लोभ दाखवून केलेले धर्मांतर हे वचनाचा व्यापारच आहे, आणि पेत्राचे दुसरे पत्र त्यालाच खोटे शिक्षण म्हणते. मात्र नव्या करारातील एकही इशारा सरकारला उद्देशून नाही. जपा, पारखा, घरात घेऊ नका, तिसऱ्या दिवशी वाटेला लावा, हे सारे मंडळीला सांगितलेले आहे. कठोरात कठोर वचनही दाराशी येऊन थांबते. ते शिपायाला बोलावीत नाही. पुढे रोमन साम्राज्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर पाखंडाची शिक्षा राजदंडाकडे गेली आणि त्याचे परिणाम युरोपने शेकडो वर्षे भोगले. याच राजसत्तेच्या संगतीबद्दल कुमारप्पांनी बिशपांना जाब विचारला होता. त्याच वर्ध्यातील दुसऱ्या गांधीवादी ख्रिस्ती माणसाने, खोट्या मेंढपाळांचा बंदोबस्त करणाऱ्या शासकीय समितीत बसावे, ही विसंगती मला जॉर्ज यांच्याविषयी आदर असूनही लपविता येत नाही. राजसत्ता परकी असो की आपली, शिकवणीचा न्याय करण्याची तिची पात्रता बदलत नाही.

मत्तयाच्या तेराव्या अध्यायातील दाखला येथे आठवतो. गव्हाच्या शेतात रात्री वैरी तण पेरून जातो. मराठी बायबलात त्याला निदण म्हटले आहे. पॅलेस्टाईनमधील ते तण ओंबी धरेपर्यंत गव्हासारखेच दिसते, असे वनस्पतीचे जाणकार सांगतात. ते उपटून काढू का, असे नोकर विचारतात. मालक नको म्हणतो, कारण निदणाबरोबर गहूही उपटला जाईल. हा दाखला खोट्या शिक्षकांविषयीच्या इशाऱ्यांच्या विरुद्ध जातो असे काही वाचकांना वाटते. मला तसे वाटत नाही. नोकरांना निदण दिसले आहे. ते ओळखण्यात त्यांची चूक झालेली नाही. मालकाने अडवले आहे ते त्यांच्या हाताला, डोळ्यांना नाही. पारखण्याची आज्ञा आणि उपटण्याची मनाई या दोन्ही एकाच शुभवर्तमानात, सहा अध्यायांच्या अंतराने आहेत, आणि जॉर्ज यांच्या प्रकरणात दोन्ही पक्षांनी त्यातील एकेकच वाचली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत वर्धा मुंबई राज्यात आला. मध्य प्रदेशाने धर्मांतरासंबंधीचा कायदा १९६८ मध्ये केला, तेव्हा हा जिल्हा त्या राज्यात राहिलेला नव्हता. महाराष्ट्राने २०१३ मध्ये केलेला जादूटोणाविरोधी कायदा भोंदू बुवांच्या बाबतीत वेगळ्या पायावर उभा आहे. कोणी काय मानावे याला तो हात घालीत नाही. अघोरी कृत्य, फसवणूक, दहशत अशा प्रत्यक्ष कृतींना तो शिक्षा सांगतो, आणि सर्व धर्मांतील बुवांना सारखाच लागू होतो. डिडाखेच्या लेखकाने दिवस आणि पैसे मोजले, उपदेशकाचे मन मोजले नाही. कायद्याला जेवढे मोजता येते तेही तेवढेच.